साडेअकरा ग्रॅमचा घोळ

ग्रॅमभाऊने पंखा बंद केला, खिडकी लावून घेतली आणि बायकोला तोंड जरा पलीकडे करून श्वास घ्यायला सांगितलं. तिच्या श्वासाने वजनकाट्यावरचा आकडा हलत होता.

"मी स्वयंपाकघरात जाऊन श्वास घेऊ का?" बायकोने विचारलं.

"चालेल," तो म्हणाला. आणि हे तो अगदी मनापासून म्हणाला, हीच त्या घरातली अडचण होती.

त्याचं खरं नाव आता फक्त बँकेच्या कागदांवर उरलं होतं. हौशी रेडिओवाल्यांच्या क्लबात सगळे त्याला ग्रॅमभाऊ म्हणत, कारण दर दोन वाक्यांआड त्याच्या तोंडून ग्रॅम बाहेर पडत. पोटासाठी तो एका लॅबमध्ये दात बनवायचा. डॉक्टर लोक मापं पाठवायचे, हा कवळ्या घडवून द्यायचा. आणि जिवासाठी ट्रॅकर बनवायचा. ट्रॅकर म्हणजे अंगठ्याएवढं एक सर्किट, त्याला दोन निळ्या सौर पट्ट्या आणि केसाहून बारीक तारेचा ॲंटेना. हे सगळं फुग्याला बांधून सोडायचं. फुगा विमानांच्याही वर जाऊन वाऱ्याबरोबर देशोदेशी भटकतो आणि ट्रॅकर खालच्या लोकांना रेडिओवरून सांगत राहतो, की मी इथे आहे आणि इतक्या उंचीवर आहे. बॅटरी जड म्हणून बॅटरी नाही. ऊन लागलं की बोलायला लागतो, सावली आली की मुका.

फुगा लहान, म्हणून वजनाची मारामार. ग्रॅमभाऊने लॅबमधल्या, कवळीचे दात घासून आकार द्यायच्या यंत्राने सर्किटचे चारही कोपरे गोल केले होते. त्यावरची छापील अक्षरंसुद्धा खरवडून काढली होती, कारण शाईलाही वजन असतं. तीन महिने खपून ट्रॅकर साडेअकरा ग्रॅमवर आला होता आणि आज त्याचं उड्डाण होतं.

आजच आणखी एक गोष्ट होती. ती मात्र सासऱ्यांची होती.

सासरे ट्रम्पेट वाजवत. गावच्या बँडमध्ये त्यांनी उभी हयात घालवली होती. शेवटच्या गाण्यातला एकट्याने वाजवायचा तुकडा त्यांचाच, दुसऱ्या कोणी तो मागायची हिंमत केली नव्हती. मग दोन वर्षांपूर्वी वरचे समोरचे चार दात एकामागून एक राजीनामा देऊन गेले आणि ट्रम्पेट पेटीत गेलं. दातांचा आधार नसला की ओठ लागत नाही, आणि ओठ लागला नाही की नुसती हवा जाते. आज बँडच्या वर्धापनदिनाचा कार्यक्रम होता, संध्याकाळी पाचला, सार्वजनिक बागेत. बँडमास्तरांनी स्वतः घरी येऊन गळ घातली होती आणि सासऱ्यांनी हो म्हटलं होतं ते जावयाच्या भरवशावर.

हे जावयासाठी फार मोठं होतं. कारण एरवी सासऱ्यांचं त्याच्याबद्दलचं मत एका वाक्यात मावत असे: "फुगे सोडायचं वय आहे का हे?" घरातल्या प्रत्येक समारंभात ते कोणा ना कोणाला हे विचारतच. चार दात नीट बसले असते, तर निदान या वाक्याला काही दिवस सुट्टी मिळाली असती. दात तयार होते. गुलाबी टाळूवर चार देखणे दात, दोन्ही बाजूंना धरून ठेवणाऱ्या तारा. लॅबच्या प्लास्टिकच्या डबीत, कापसात, वर सासऱ्यांच्या नावाचं लेबल. फुगा सोडायच्या मैदानावरून बायको ती डबी माहेरी पोचती करणार होती.

आता फुग्यात गॅस किती भरायचा, हे ठरवायची एक रीत आहे. ट्रॅकर नाजूक, म्हणून भरताना तो लटकवत नाहीत. तेवढ्याच वजनाची दुसरी कुठली तरी वस्तू दोऱ्याला बांधतात. फुगा ती वस्तू घेऊन ना वर ना खाली असा अधांतरी राहिला की गॅस बरोबर झाला. मग आणखी चिमूटभर भरायचा, वस्तू सोडायची आणि तिच्या जागी ट्रॅकर बांधायचा. ग्रॅमभाऊ यासाठी नेहमी नटबोल्ट वापरे. आज मात्र एक बोल्ट घातला की कमी भरे आणि दुसरा घातला की जास्त. चमचे झाले, किल्ल्या झाल्या, बायकोचं कानातलंही काट्यावर चढून उतरलं. शेवटी हताश होऊन त्याने डबीतले दात काढून पिशवीत घातले आणि काट्यावर ठेवले.

साडेअकरा.

त्याला इतका आनंद झाला की त्याने बायकोला बाहेर बोलावून आकडा दाखवला. "बघ. बाबांचे दात आणि माझा ट्रॅकर, तंतोतंत."

"बाबांना सांगू नकोस," बायको म्हणाली.

दातांची डबी रिकामी झाली आणि ट्रॅकरला मऊ जागा हवीच होती. त्याने ट्रॅकर अलगद डबीत ठेवला, वर कापूस घातला, झाकण लावलं. मैदानावर गेल्यावर अदलाबदल करायची होतीच. आग लागते ती अशी, आणि लावणारा माणूस त्या वेळी फार खुशीत असतो.

मैदानावर क्लबचे सेक्रेटरी गॅसचा सिलिंडर घेऊन हजर होते. तरुणपणी ते बोटीवर रेडिओ सांभाळायचे. त्यामुळे अजूनही ते वादळ समोर असल्यासारखेच बोलत. फुगा भरत आला. खाली दोऱ्याला दातांची पिशवी लोंबत होती. ग्रॅमभाऊच्या दोन्ही हातांत फुग्याची मान आणि स्वतःच्या दातांत चिकटपट्टीचा तुकडा. तेवढ्यात बायकोने गाडीतून विचारलं, की डबी स्टुलावर आहे ती घेऊन निघू का, आई वाट बघत असेल.

ग्रॅमभाऊला ऐकू आलं ते एवढंच, की निघू का.

"हूं," तो म्हणाला.

बायकोने डबी उचलली. वर वडिलांचं नाव होतं, मग आत काय आहे हे उघडून बघायचं कारणच नव्हतं. गाडी गेली. इकडे वारा उठला. फुगा आडवा होऊन फुटबॉलच्या गोलाच्या जाळीकडे झेपावला.

"सोड, सोड, जाळीत जाईल," सेक्रेटरी ओरडले.

ग्रॅमभाऊने सोडला. फुगा जाळीवरून वीतभर अंतराने निसटला आणि सरळ वर चढू लागला. उन्हात तो इतका सुरेख दिसत होता, की दोघंही मान वाकडी होईपर्यंत बघत राहिले.

"ट्रॅकर घट्ट बांधलास ना?" सेक्रेटरींनी विचारलं.

"दोन गाठी मारल्यात," ग्रॅमभाऊ म्हणाला. ते खोटं नव्हतं. गाठी मारल्याचं त्याला स्वच्छ आठवत होतं. काय बांधून मारल्या, तेवढं सोडून.

मग दोघं लॅपटॉप आणि ॲंटेना मांडून बसले. सिग्नल येईना. थर्मासमधला चहा संपला तरी येईना. सेक्रेटरींना झाळकामाची, म्हणजे तारा जोडायच्या सोल्डरिंगची, शंका आली आणि त्यांनी ती बोलून दाखवली. आपल्या झाळकामाला कोणी नावं ठेवली की ग्रॅमभाऊला आईवरून बोलल्यासारखं लागे. त्याने आपला प्रत्येक सांधा भिंगातून दोनदा तपासल्याचं ठणकावून सांगितलं. सेक्रेटरी म्हणाले, बोटीवर असताना असंच ठणकावून सांगणारे पुष्कळ भेटले होते. दोघं एकमेकांकडे पाठ करून बसले.

आणि मग लॅपटॉपवर ओळ उमटली. दोघांनी एकमेकांना मिठी मारली.

"जागा कुठली?" ग्रॅमभाऊने विचारलं.

सेक्रेटरींनी नकाशा मोठा केला. आणखी मोठा केला. "गावातच आहे. वाऱ्याच्या उलट दिशेला गेलाय." ते जरा थांबले. "उंची तीन मजले."

ग्रॅमभाऊने वाकून पाहिलं. ती गल्ली ओळखीची होती, इमारत ओळखीची होती, खिडकीसुद्धा ओळखीची होती. दर सणावाराला त्या खिडकीजवळच्या खुर्चीत बसून त्याने आपल्या वयाविषयीचा प्रश्न ऐकला होता.

"सासऱ्यांच्या घरात पडलाय," तो म्हणाला.

"मग गेला. आता हलत नाहीये," सेक्रेटरी म्हणाले. तेवढ्यात सिग्नल बंद पडला. एकदम, कोणी तोंड दाबल्यासारखा. थोड्या वेळाने पुन्हा एकदा आला, पण आता चिरका आणि तुटक, आणि मग कायमचा गेला.

आकाशात एवढी मोकळी जागा असताना फुगा नेमका तिथेच पडावा, याचं ग्रॅमभाऊला रडू येत होतं. निदान दात तरी वेळेवर पोचले, एवढंच समाधान. दात म्हटल्यावर त्याचा हात आपोआप खिशाकडे गेला, कारण ट्रॅकर बांधताना सोडलेली दातांची पिशवी खिशातच असणार. खिसा रिकामा होता. दुसरा खिसाही. स्टुलावर काही नव्हतं, गवतात काही नव्हतं. मग पिशवी सोडली कधी, हे आठवायला तो डोळे मिटून उभा राहिला आणि त्याला सगळं लख्ख आठवलं. त्याने डोळे उघडले ते सरळ वर.

"काय झालं?" सेक्रेटरींनी विचारलं.

"सासऱ्यांचे दात वर गेलेत."

सेक्रेटरींनीही मान वर केली. मग त्यांनी वाऱ्याचा वेग पाहिला, बोटांवर हिशेब केला आणि म्हणाले, संध्याकाळपर्यंत दात सीमा ओलांडतील. हे त्यांनी धीर देण्यासाठी सांगितलं होतं की कसं, ते त्यांनाच ठाऊक. सगळ्यात वाईट म्हणजे ते कुठे आहेत, हे कळायचा मार्ग नव्हता. तो सांगणारा ट्रॅकर दातांच्या डबीत होता.

ग्रॅमभाऊने सासऱ्यांना फोन लावला. खरं सांगून टाकायचं, असं त्याने ठरवलं होतं. पण तिकडून सासरेच आधी बोलले.

"जावईबापू, बसले बरं का. छान बसले. तुम्ही इकडे यायची तसदी घेऊ नका. मुळीच नका घेऊ."

"काय बसले?" ग्रॅमभाऊने चाचरत विचारलं.

"दात. दुसरं काय बसणार?" आणि फोन बंद झाला.

ग्रॅमभाऊ फोनकडे बघत राहिला. दात घडवण्यात त्याची पंधरा वर्षं गेली होती. समोरचे चार दात नसले की शब्दांमधून कशी शीळ निघते, हे त्याचा कान झोपेतही ओळखे. सासऱ्यांच्या तेवढ्या बोलण्यात कमीत कमी सहा शिळा होत्या. तोंडात दात नाहीत, हे नक्की. मग बसले काय? आणि जन्मात कोणाची भीड न ठेवलेला माणूस खोटं कशासाठी बोलतो? याचा विचार करायला वेळ नव्हता. पाच वाजेपर्यंत दात पाहिजे होते आणि ते जमिनीवर पाहिजे होते.

लॅबची किल्ली त्याच्याकडे होती. सासऱ्यांच्या जबड्याचा प्लास्टरचा साचा फडताळात होता, तो त्याने छातीशी धरून खाली काढला. मेण, दात, तारा, मग टाळूचा गुलाबी मसाला. नेहमी दोन दिवस चालणारं काम त्याने झटपट गोठणारा मसाला वापरून एका दुपारीत उरकायला घेतलं. सेक्रेटरी पाणी गरम ठेवत होते आणि मधूनमधून खिडकीतून आकाशाकडे बघून उसासा टाकत होते. बायकोचा फोन आला, तेव्हा त्याने सगळं सांगून टाकलं. ती म्हणाली, बाबांना आत्ता काही सांगू नकोस. ते सकाळपासून खोलीचं दार लावून बसलेत, जेवलेही नाहीत. हे ऐकून ग्रॅमभाऊने हात आणखी भरभर चालवायला घेतला. फुग्यांची चेष्टा करणारा माणूस उपाशी बसलेला त्याला चालत नव्हता, असं त्याच्या पहिल्यांदाच लक्षात आलं. दात घासून, चमकवून हातात आले, तेव्हा त्याने ते थेट डबीत टाकले. वजन केलं नाही. सेक्रेटरींनी हे पाहिलं आणि टोपी काढली.

बागेत खुर्च्या भरत आल्या होत्या. मंडपाच्या मागे कपडे बदलायची एक खोली होती. तिथे सासरे बँडचा लाल कोट घालून एकटेच बसले होते. ट्रम्पेटची पेटी बंद होती. तोंडावर रुमाल होता. जावयाला पाहताच ते उभे राहिले, पुन्हा बसले आणि भिंतीकडे बघू लागले.

"बाबा, मला एक सांगायचंय," ग्रॅमभाऊ म्हणाला.

"आधी मला सांगू द्या." सासऱ्यांनी कोटाच्या खिशातून दुसऱ्या रुमालाची पुरचुंडी काढली आणि त्याच्या हातात दिली. आत ट्रॅकर होता. एक सौर पट्टी उभी तडकली होती, आणि ॲंटेनाच्या ठिकाणी नखाएवढी तार उरली होती.

"मी मोडलं," सासरे म्हणाले. "आधी तुम्ही मेणाचं करून बघितलंत, मग नुसत्या तारांचं. आता हे आलं. मला वाटलं नवीन पद्धत असेल, याच्यावर मागून दात बसवणार असाल. खिडकीत उजेडाला धरून बघितलं, मग घातलं तोंडात. तार टोचायला लागली म्हणून नखं कापायच्या कात्रीने जरा कापली. तर पुढचं काचेसारखं तडकलं."

सिग्नल एकदम का गेला, हे ग्रॅमभाऊला आता कळलं. तीन महिने घडवलेला त्याचा ट्रॅकर जगप्रवासाला निघून सासऱ्यांच्या तोंडात उतरला होता.

"तीन महिने काहीतरी घडवत खपलात म्हणे तुम्ही, ते हेच. पोरगी सांगत होती," सासरे खाली बघत म्हणाले. "तुम्हाला फोनवर सांगायची छाती झाली नाही. वाजवता आलं नाही तर नाही, त्याचं एवढं नाही. पण मी लोकांच्या देखत तुम्हाला काय काय बोललो, आणि तुम्ही माझ्यासाठी इतकं बारीक काम करत बसलात. चुकलं माझं."

सासऱ्यांच्या तोंडून हे शब्द त्या घरात कोणी ऐकलेले नव्हते. ग्रॅमभाऊच्या खिशात नवे दात होते. आता फक्त एवढंच म्हणायचं होतं, की असू द्या बाबा, होतं असं. दात द्यायचे आणि आयुष्यभर मोठ्या मनाचा जावई म्हणून मिरवायचं. कोणाला काही कळणार नव्हतं, सेक्रेटरींना दटावलं की झालं. त्याने तोंड उघडलं. पण म्हातारा इतका केविलवाणा दिसत होता, की ते तयार वाक्य त्याला म्हणवेना.

"हे दात नाहीतच, बाबा," तो म्हणाला. "हा माझा ट्रॅकर आहे. तुमचे दात मी वजन म्हणून फुग्याला बांधले होते. ते सुटले. वर गेले."

"वर म्हणजे?"

ग्रॅमभाऊने छताकडे बोट दाखवलं. मग ते पुरेसं वाटेना, म्हणून हात आणखी उंच केला.

सासरे वर बघत राहिले. बाहेर बँडवाले सूर जुळवत होते. ग्रॅमभाऊ मान खाली घालून उभा होता. आता काय काय ऐकावं लागेल, याची त्याने मनाशी तयारी केली होती. त्या तयारीत नसलेला एक आवाज त्याच्या कानावर आला, शिळेसारखा. सासरे हसत होते. पोट धरून, समोरची मोकळी जागा न लपवता, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होते.

"म्हणजे मी दात मोडले नाहीत," ते म्हणाले.

"नाही, बाबा."

"सकाळपासून अन्न गोड लागलं नाही रे मला," सासरे म्हणाले. जावयाला ते आजवर कधी अरे म्हणाले नव्हते. "चाळीस वर्षं वरचा सूर लावायची धडपड केली. माझ्याआधी दातच पोचले."

ग्रॅमभाऊने डबी पुढे केली. आज दिवसभरात त्याचा कोणत्याच डबीवर विश्वास उरला नव्हता, म्हणून ती आधी उघडून आत दात असल्याची खात्री केली. सासऱ्यांनी ते लावले, जीभ फिरवली, ओठ दाबून पाहिले. ट्रम्पेट उचललं. पहिल्यांदा नुसती हवा गेली आणि दोघांचेही चेहरे पडले. दुसऱ्यांदा एक घोगरा, पण खराखुरा सूर निघाला.

कार्यक्रमभर ग्रॅमभाऊ पहिल्या रांगेत बायको आणि सासूबाईंच्या मध्ये बसला होता. लोक गाणी ऐकत होते, हा एका जबड्याकडे बघत होता. घाईचा मसाला, न तपासलेल्या तारा, जोराची फुंक. वरच्या सुराला दात निसटून पुढच्या रांगेत येतील, अशी त्याची जवळजवळ खात्री होती, आणि झेलायच्या तयारीने त्याने दोन्ही हात मांडीवर मोकळे ठेवले होते. शेवटचं गाणं आलं. बाकीचे वाजवायचे थांबले. सासरे एक पाऊल पुढे आले, छाती भरून घेतली आणि सूर वर, आणखी वर गेला, तिथे क्षणभर थरथरला आणि टिकला. दात जागच्या जागी होते. ग्रॅमभाऊने सोडलेला सुस्कारा इतका मोठा होता, की सासूबाईंनी त्याला पाणी दिलं.

टाळ्या संपल्यावर सासऱ्यांभोवती गर्दी झाली. बँडमास्तरांनी त्यांना मिठी मारली आणि मग जवळून तोंडाकडे निरखून बघितलं. दात अगदी मूळचेच वाटतात, ते म्हणाले, आणि कोणाचं काम म्हणून विचारलं.

"जावयाचं," सासरे म्हणाले. त्यांचा हात ग्रॅमभाऊच्या खांद्यावर होता. "माझ्यासाठी दोनदा केले त्याने."

"दोनदा का?"

सासऱ्यांनी जावयाकडे पाहिलं. ग्रॅमभाऊचा श्वास सकाळी बायकोचा थांबला नव्हता इतका थांबला.

"पहिले जरा हलके झाले होते," सासरे म्हणाले, आणि ट्रम्पेट पुसायला लागले.